रिव्हर्स

ट्रेलर मागे घेताना
त्याला उजवीकडे न्यायचं तर चाक डावीकडे फिरवायचं.
हे क्लोविसनं मला शिकवलं
लेक चार्ल्सच्या बंद पडलेल्या किराणा दुकानासमोर,
रंगाचे चार रिकामे डबे मांडून.
चारही मी चिरडले.
तो हसला नाही. पाचवा आणायला गेला.

आज सकाळपासून आमच्यात शब्द नाही.
तो म्हणतो, घर खांबांवर आणखी चार फूट उचलू.
मी म्हणते, विकू.
तिसऱ्या वादळानंतर हेच एक भांडण,
रोज नवा टेबलक्लॉथ घातल्यासारखं.

म्हणून नकाशा त्याच्या मांडीवर, चाक माझ्या हाती,
दोन्हीकडे खाजण, मैलच्या मैल,
आणि मध्ये बांधावरचा एकेरी रस्ता.
वाळक्या सायप्रसवर पाणकावळे पंख पसरून बसलेले,
भिजलेले कोट वाळत घालावेत तसे.
नकाशा त्याच्या वडिलांचा.
त्यात रस्ता पुढे जातो, होड्यांच्या धक्क्यापर्यंत,
तिथे पेन्सिलीनं एक मासा काढलेला.

रस्ता पुढे गेला नाही.
म्हणजे गेला, पण पाण्याखालून.
मधली पिवळी रेघ थोडी दिसत राहिली,
हिरवी होत, हलत,
मग दिसेना.

क्लोविस खाली उतरला. बराच वेळ
त्या रेघेच्या टोकाशी उभा राहिला,
खिशात हात घालून,
दवाखान्यात भेटीची वेळ संपल्यावर माणसं थांबतात तसा.

वळायला जागा नाही. अर्धा मैल मागे जायचं.
आणि मागे, तापलेल्या डांबरावर,
एक मगर येऊन पडलेली.
रस्त्याच्या रुंदीला पुरून उरलेली.

त्यानं हॉर्न वाजवायला खूण केली. वाजवला.
त्यानं घडीची खुर्ची आपटली.
मग आजीच्या फ्रेंचमध्ये, तिच्या कोंबड्यांना हाकलायच्या सुरात,
तिला काहीबाही सुनावलं.
मगरीनं एक डोळा मिटला.
मी काचेआड पोट धरून हसले
आणि हसताना त्यानं पाहू नये म्हणून
खाली पडलेलं काहीतरी शोधत राहिले.

अल्सीद नावाचा एक म्हातारा होडीतून गेला,
खेकड्यांचे पिंजरे ओले, पायाशी कुत्रं.
"ऊब खातेय ती," म्हणाला. "डांबर गार झालं की जाईल.
घाई तुम्हाला आहे, तिला नाही."
धक्का कुठे गेला, क्लोविसनं विचारलं.
म्हाताऱ्यानं वल्ह्यानं पाणी दाखवलं.
"आहे की. तिथेच आहे."

मग आम्ही बंपरवर बसून थंड भात खाल्ला,
एकाच डब्यातून, दोन चमच्यांनी.
वरून गुलाबी पक्षी गेले, चपट्या चोचींचे,
पंचवीस-तीस, अजिबात आवाज न करता.
मच्छर मात्र सगळं बोलत होते.
एकदा त्यानं माझ्या मानेवरचा एक मारला
आणि हात लगेच काढून घेतला.

अंधार पडल्यावर कधीतरी ती उठली.
उतारावर पोट घासल्याचा आवाज,
पाण्याचा एक घोट,
आणि रस्ता मोकळा.

अर्धा मैल.
आरशात क्लोविस, हातात टॉर्च,
जितकी मी मागे येते तितका तो मागे सरकतो,
पाय पुढे टाकावेत इतक्या सवयीनं.
"डावीकडे, ओडेल."
दिवसातला पहिला शब्द. मी उजवीकडे फिरवलं.
"अजून. अजून. सरळ. येऊ दे."
टॉर्चमागे दोन लाल डोळे,
मग चार, मग मोजले नाहीत.
चाक बांधाच्या कडेवरून एकदा घसरलं,
आत कपाटातलं काहीतरी फुटलं.
"येऊ दे," तो म्हणाला. "मी आहे."

मासळीच्या शेडपाशी त्यानं पत्र्यावर दोन थापा मारल्या. बास.
हात सुटत नव्हते चाकावरून.
तो आत गेला, तुकडे गोळा करून आला.
"मग फुटला."
"कुणाचा?"
त्यानं टॉर्च विझवला.
"माझा," म्हणाला.

सकाळी पाहिलं तर
त्याचा मग आकड्याला लटकत होता.