उघाडी

त्या अवसेला उधाण आलं तेव्हा
बाहेरकाठ्यावर आम्ही तिघंच होतो:
बाबा, मी आणि बॅटरी,
जी थोपटल्याशिवाय पेटत नसे.

पूर्वी अशा रात्री हाळी गेली की जोळ जमायचा.
घरटी एक माणूस, खांद्यावर फावडं,
कमरेभर पाण्यात उभं राहून
चिखलाची ढेपं हातोहात पुढं.
आता घरटी एक माणूस कंपनीत, रात्रपाळीला.
बाबा कुणाला नावं ठेवत नसत.
"पोट त्यांना पन हाय," एवढंच.

दीडच्या सुमाराला बांध घामेजला.
आतल्या अंगाला हात लावून पाहिला त्यांनी,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
खेकड्यांच्या बिळांतून पाणी बोलायला लागलं होतं.
खांड पडली असती तर
पहिलं आमचं शेत गेलं असतं,
मग घरतांचं, मग भोईरांचं,
मग विहीर.

बाबा उठले. टोपी नीट केली.
उघाडीवर गेले, खुंटी काढली
आणि सागाची ती फळी
दोन्ही हातांनी वर ओढली.
"येवाचा हाय त दारानशी ये," दर्याला म्हणाले,
"भित नको फोरू."

तो आला.
पाहुण्यासारखा नाही, खोटं कशाला सांगू.
पोटरीला आलेला भात
एका दमात आडवा केला त्यानं.
आतलं पाणी बाहेरच्याला येऊन भिडेपर्यंत
आम्ही काठावर उकिडवे बसून राहिलो.
मग बांधाच्या अंगातला कापरा थांबला.
आतल्या आडबांधानं पाणी आमच्यापुरतंच धरलं.
पलीकडे घरतांच्या खाचरात
बेडूक ओरडत होते, गोड्या पाण्यातले.

तलाठी आठ दिवसांनी आले. चांगला माणूस.
म्हणाले, हसुरामदादा, 'बांध फुटला' असं लिहितो,
आपत्तीत बसेल, भरपाई निघेल.
आईनं चहा गाळता गाळता माझ्याकडं पाहिलं.
माझ्या फीची तारीख तिला पाठ होती.

"फुटला नाय," बाबा म्हणाले.
"मी उघारला."
"अहो, एका शब्दाचा तर फरक."
"हां. एकाच शब्दाचा."
आणि पेन परत दिलं,
टोपण लावून.

मला राग आला होता त्यांचा. पुरती दोन वर्षं होता.
फी आईच्या पाटल्यांनी भरली,
आणि त्याबद्दल आमच्या घरात
कुणीच काही बोललं नाही.

पहिल्या वर्षी शेतात नुसतं मीठ पिकलं.
दुसऱ्या वर्षी तिवराची रोपं उगवली, न विचारता.
बाबा उपटत, एखादं ठेवत.
तिसऱ्या पावसानंतर कोपऱ्यात
चार मुठी भात दिसला,
कुणाला दाखवावा असा नव्हता.
बांध मात्र आहे.
त्याच्यावरून शाळेची पोरं जातात, दप्तरं हलवत.

उघाडीला नवी फळी बसवली.
जुनी आमच्या ओटीवर आहे, बाकासारखी.
तलाठी आले की तिच्यावरच बसतात.
कोंदट हवेत तिला अजून मीठ सुटतं.
आई पुसते.
सकाळी पुन्हा पांढरी.