बाभळीचं चाक

उकंडरावानं चाक बाभळीचं केलं.
बैलगाडीचं करतात तसंच, म्हणाला,
फक्त वीतभर.
पेटी सागवानाची, शाळेच्या जुन्या फळ्याची चौकट,
पट्ट्या तेवीस, शिसवीच्या,
दांडा शिलाई मशीनचा.
सगळं फोटो पाहून.
मागची बाजू फोटोत नव्हती,
ती त्यानं मनानं केली.

तारा नाहीत, तांत.
अब्बांच्या पिंजणीची शेवटची गुंडाळी,
वीस वर्षं खुंटीवर, उंदरांनी सोडलेली.
चाकाला राळ, आर्वीच्या सोनाराकडची.
आणि तांत चाकाला जिथे घासते तिथे
कापूस गुंडाळायचा, बोटांनी विंचरून, थोडा.
जास्त झाला तर सूर घोगरा,
कमी झाला तर मांजर.
थोडा म्हणजे किती
हे मला कुणी शिकवलं नाही.
आमच्या घरात आठ पिढ्या तेवढंच शिकल्या.

चाली लिन्सी सिस्टरनं पाठवल्या.
मिशनच्या दवाखान्यात होती,
अब्बांच्या डोळ्यात थेंब तीच टाकायची.
आता आयर्लंडला.
तिच्या वॉर्डात एक म्हातारा आहे, सात नंबर,
रात्री झोपत नाही, गुणगुणतो,
ती फोन उशाशी धरते.
मी दुपारी डबा उघडून ऐकतो, डीपीच्या सावलीत,
लाइन बंद असते तेव्हा.

दोन तुकडे. प्रत्येक दोनदा. मग पहिल्यापासून.
सहा मात्रा, दादऱ्यासारख्या,
पण धक्का भलतीकडेच,
सायकलला पाण्याचा कॅन बांधून
खडीच्या रस्त्यानं यावं तसा.
शेवट येतो, आणि चाल थांबत नाही,
उंबरा ओलांडून पुन्हा आत.
मागे एक तांत एकाच सुरावर, भुंग्यासारखी,
तिला कशाचं काही नाही.

"हे आयर्लंड कुठं आलं बाप्पा?" उकंडरावानं विचारलं.
"परतवाड्याच्या तिकडं?"
तिथं रोज पाऊस पडतो, म्हटलं.
तो बराच वेळ रंधा पुसत बसला.
मग म्हणाला, "लाकूड फुगत असंल."
इथं मे महिन्यात लाकूड आक्रसतं,
खुंट्या सटकतात, राळ पाघळते,
पेटी ओल्या पंचात गुंडाळून
माठाशेजारी निजवावी लागते.

चालींची नावं म्हाताऱ्याला आठवत नाहीत.
मग आम्हीच ठेवली:
शेळी सुटली. डीपी जळाली. मामीचा रुसवा.
एक फार हळू आहे,
तिला नाव ठेवायला कुणी पुढे आलं नाही.

अब्बांना ऐकू येत नाही.
पन्नास वर्षं कानाशी पिंजण.
त्यांनी पेटीवर तळहात ठेवला,
तापानं फणफणलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.
मी चाक फिरवलं.
"तांत ढीली है," म्हणाले.
होती.

रेकॉर्डिंग पाठवलं. सिस्टरचं उत्तर:
सात नंबर विचारतो, कुणाला पुरायला निघालात का?
नाचणाऱ्याचे पाय बघून वाजवा.

आमच्याकडे नाचणारं कोण?

तान्हा पोळा आला.
ग्रामपंचायतीपुढे लाकडी बैलांची रांग,
शिंगांना बेगड, गळ्यात चण्यांची माळ,
झडत्या म्हणून म्हणून पोरांचे घसे बसलेले.
उकंडराव म्हणाला, "लाव आता तुही शेळी."
पाय आधी हलले, मग दोऱ्या, मग बैल.
मी पट्ट्यांकडे पाहिलंच नाही.
मनगटाला झटका दिला की
पेटीतली एक सुटी खुंटी भुंकते,
तिकडे तिला कुत्राच म्हणतात.
एरवी माझी मुकी.
त्या दिवशी पावलापावलाला भुंकली,
गावातली खरी दोन उठून जाब विचारायला आली.

तेही पाठवलं, कल्ल्यासकट.
तीन दिवस काही नाही.
चौथ्या दिवशी, भाकरीचा घास हातात असताना:
सात नंबर म्हणतो, आता ठीक.
पण कुणाच्या तरी बैलाच्या चाकाला तेल नाही.

संध्याकाळी उकंडराव आणि मी
घरोघर फिरलो, हातात तेलाची बुधली,
बैल उलटे करून, चाकं फिरवून, कान लावून.

मडाव्यांच्या टिक्कूचा निघाला.
पुढचं, डावं.