अंगण वाकडं

ऋतुजा धात्रक अंबडच्या शेडमध्ये आली
ती बोर्ड डोक्यावर आणि मास्ट काखेत घेऊन.
"हा मऊ आहे," म्हणाली. "वळणावर
पायाचं म्हणणं खाली पोचतच नाही.
पोचतं तेव्हा शिळं झालेलं असतं."

मणियारचाचांनी चष्मा कपाळावर ढकलला.
तीस वर्षं टेम्पोच्या टपांना, दुधाच्या टाक्यांना
रेझिन फासलेली बोटं
मास्टवरून पंखापर्यंत गेली, परत आली.
मी मनात म्हटलं, नाचता येईना.

तशी ही डोलकाठीच,
फक्त उलटी, पाण्यात बुडालेली, शिडाशिवायची.
टोकाला पंख. आणि वर, हातभर हवेत,
बोर्डावर उभं माणूस.

वाईसमध्ये नुसता मास्ट आडवा आवळला.
टोकाला वीस किलोचा डबा टांगला.
डायलचा काटा नऊवर. नऊ मिलिमीटर.
मग बोर्ड कडेवर उभा करून बाकाला बांधला,
तोच मास्ट, तोच डबा, तेच चार बोल्ट:
काटा हलत हलत सोळावर.

"वरचे सात कुणाचे?"
चाचांनी मला विचारलं, शाळेत विचारतात तसं,
आणि उत्तराआधीच चहा सांगितला.

करवत लावली. आत
पेटीभोवतीचा फोम भिजल्या पिठासारखा,
काचेचा एकुलता थर,
माथा वेगळा, तळ वेगळा,
एका घरात राहून बोलाचाली नसलेले.
साडेसहा फुटी, ऐसपैस, नवख्याला सांभाळणारा बोर्ड,
आणि जिथं सगळा भार उतरतो
तिथंच हळूच खचणारा.

अंगण खरंच वाकडं होतं.
मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

नवा पावणेपाच फुटी.
पेटीच्या चारी अंगांना घट्ट फोमच्या भिंती,
त्यांवरून कार्बन, तिरपा, मग उलटा तिरपा,
माथ्यापासून तळापर्यंत सलग.
जानेवारी. निफाडला पारा चारवर. रेझिन धरेना.
द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात
तसे ताडपत्रीखाली दोनशेचे बल्ब लावून
मी रात्रभर त्या बोर्डाशेजारी बसलो.

गंगापूर धरण, सकाळचे सात.
एवढासा बोर्ड तिच्या वजनाखाली बुडायचा.
सहा वेळा पडली.
मोटरबोटीवाला सुदाम गांगुर्डे दोर गुंडाळत
माझ्याकडे असा बघत होता, जसं मीच तिला ढकलतोय.
सातव्यांदा पाण्याचा खळखळाट एकदम तुटला
आणि ती वर, कशावरच नसल्यासारखी,
अंगठा दाबला की वळत.

काठावर आली, ओठ निळे.
"मास्ट बदललात?"
"तोच."
पंखाला लागलेलं शेवाळाचं एक पातं, म्हणाली,
ते सुद्धा गुडघ्यात कळलं.
टॉवेलात तोंड घालून मग, जरा वेळानं:
"जुना काही काही गोष्टी सांगायचा नाही मला.
कधीकधी तेच बरं होतं."

चाचा हसले नाहीत. मीही.

कापलेला तो तुकडा अजून शेडमध्ये आहे.
त्यावर चहाचा ग्लास ठेवतो.
ग्लास उचलला की कधीतरी
अंगठ्यानं दाबून बघतो:
अजून जरासा आत जातो,
आणि उशिरानं वर येतो.