माश्यांना कळवलंस का

दोन फेऱ्या बदलून ती नारव्याला आली, मेण मागायला.
जुन्या गोव्यात एका वेदीच्या लाकडाला भुंगा लागलाय,
भोकं बुजवायला तिला अस्सल मेण हवं,
बाजारातलं पांढरं नको.
माइदेर सागास्ती. गिपुस्कोआची.
पावतीवर नाव दोनदा खोडून लिहिलं मी.

सागास्ती म्हणजे सफरचंदांची बाग, ती म्हणाली,
बाग कधीच तुटली, घर तेवढं राहिलं.
आमच्यात माणूस घराला नाव देत नाही,
घर माणसाला देतं.
घरजावई आला तरी चार दिवसांत
गाव त्याला सागास्ती म्हणू लागतं.
लोखंड गाळणारे,
देवमाशामागे बर्फात गेलेले, न परतलेले,
सगळे त्याच एका चुलीचे.
दारावर वाळलेलं काटेफूल ठोकलेलं.
रात्री जे काही येतं
ते काटे मोजत बसतं, तोवर उजाडतं.

मी म्हटलं, मी दिवाडकर.
मग दिवाडीत घर कुठलं तुझं?
नाही.
देव होडीतून इकडे आला, आम्ही त्याच्या मागोमाग,
पाटा, पेटारा आणि हे आडनाव घेऊन.
अंगणातून दिसतं ना, ते बेट.
चारशे वर्षं समोरच दिसतंय.

ती हसली नाही. हे मला आवडलं.

पेट्या बघता बघता तिने एकदम विचारलं,
तुझे वडील गेले, तेव्हा माश्यांना कळवलंस का?
तिची आजी म्हणे पोळ्यापाशी वाकून टकटक करी,
म्हातारा गेला, आता मेण जास्त लागेल.
मग माणसाच्या आकाराची एक फळी,
तिला मेणाची बारीक दोरी गुंडाळलेली,
चर्चमध्ये घराच्या फरशीवर ती जळत राही
आणि घरची बाई एकेक वेढा सोडत जाई.

आमच्याकडे दहावा झाला, तेरावा झाला,
पेपरात फोटो आला, तोही तरुणपणीचा.
माश्यांचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.
बाबांनीच धरलेल्या त्या, काजूच्या ढोलीतून,
उघड्या हातांनी, विडी न विझवता.

ती गेल्यावर, तिन्हीसांजेला, टकटक केली.
अकरा महिने उशिरा.
बाबा गेले, म्हटलं.
आता कोण बाबा, ते त्यांना कसं कळावं?
म्हणून हात पुढे धरला,
अंगठा बाहेर वळलेला, त्यांच्यासारखाच.
एक येऊन बसली, चालली, उडाली.
बाकीच्या आपल्या कामात.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातली पेटी रिकामी.
मेणकिडा झाला असेल. रुसल्या असतील.
संध्याकाळी दिवाडीहून कायतानचा फोन,
तुझ्याच ना रे ह्या?
इगर्जीच्या घंटेखाली लोंबतायत, भोपळ्याएवढ्या.
येतोस उतरवायला?

शेवटची फेरी सुटायची होती अजून.
राहू दे, म्हटलं.
आणि घंटा दोन दिवस जरा हळू वाजवा.