सहा अंक

सुरुवातीला टोपी, शेवटी डॉलर,
मध्ये सहा अंक. पहिला शून्य चालणार नाही.
एवढीच माझी ओळ. रात्री साडेअकराला लिहिली,
सिटी सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर,
चाचणीत पास.

सकाळी फोन. लष्करमधून, दौलतगंज.
कुमुदिनी शिरगावकर.
"भैया, चष्म्याची दोरी मागवतेय,
तुमची चौकट लाल होते, म्हणते पिन चूक.
एकसष्ट वर्षं याच पत्त्यावर
तार आली, पेन्शन आली,
दिरांचं न आवडलेलं पत्रसुद्धा इथेच आलं."

नोंद उघडली.
४७४, मग श्वासाएवढी जागा, मग ००१.
माझी ओळ 4 ओळखते,
हा गाठ मारलेला चार तिनं कधी पाहिला नव्हता.
मीही शेवटचा पाहिला तो
पाढे म्हणायच्या वयात.

सहज म्हणून सहा नऊ टाकले.
हिरवी खूण, लगेच.
तिथे पोस्ट नाही, पोस्टमन नाही,
कडी वाजवायला दार नाही.

दुपारपर्यंत ओळ लांबवली.
मधली जागा चालेल, आपले अंकही चालतील.
शून्य दोन्हीकडे गोलच दिसतो,
तरी वेगळा सांगावा लागला.

"आता करून बघा."
पलीकडे कळा वाजल्या, एकेक, मध्ये थांबून.
"झालं की हिरवं!
आता हे सांगा,
खालचं दार शिंप्याचं आहे, जिन्यानं वर या,
हे कुठे लिहू?"

मी पेन शोधू लागलो.