सहा आठवडे

टाकीच्या सावलीत माझी टपरी.
टाकी रेल्वेची. सावलीचे पैसे अजून घेत नाहीत.
पाण्याला मात्र पिंपामागे दहा सेंट,
आणि नेवाडाचं हे पाणी इतकं खारं की साबण फेस धरत नाही.
चुलीची राख घालून रात्रभर निवळत ठेवायचं,
मग सकाळी कपड्यांना हात.

हे गाव मार्चमध्ये नव्हतं.
एप्रिलात सात तंबू,
मेमध्ये दारूची दोन दुकानं, एक न्हावी,
आणि त्या दर्शनी भिंती:
समोरून दुमजली, मागून ताडपत्री.
मी मागच्या अंगाला राहते, मला ठाऊक.

नावं मागाहून कळतात, आधी डाग.
उजव्या बाहीला शाई म्हणजे तारमास्तर अँब्रोज.
घेवड्याचा रस्सा लागलेली टेबलाची कापडं
मिसेस क्विंबीच्या खाणावळीची.
गाडी वीस मिनिटं थांबते, शंभर माणसं जेवतात,
सांडणारच.
पलीकडच्या गल्लीत लियाँग फूकची लाँड्री.
लोकांना वाटतं आमचं वैर आहे.
कॉलर मी त्याच्याकडे पाठवते, घोंगड्या तो माझ्याकडे.
त्याची इस्त्री माझ्याहून चांगली. हे गावात बोलत नाही मी.

आणि एक करडा फ्लॅनेलचा सदरा.
टॉर्केल, पुलाचा सुतार, नॉर्वेचा.
तिसरं बटण हरवलं तर त्यानं लाकडाचं कोरून लावलं.
लाकडाचं बटण उकळत्या पाण्यात फुगतं,
म्हणून धुण्याआधी उसवायचं, वाळल्यावर पुन्हा टाकायचं.
याचा वेगळा एक सेंट, मी म्हटलं.
सेंट नाही, म्हणाला,
आणि दर शनिवारी कपडे वाळत घालायचा एक चिमटा कोरून आणू लागला.
एकोणीस झाले.

मग एका शनिवारी तो आला नाही.
दरीतल्या पुलावर गेलेली कामाची गाडी परत आली,
मुकादमाच्या यादीत त्याच्या नावावर आडवी रेघ.
कारण लिहायला रकानाच नव्हता.
पडला म्हणतात, चांदीच्या खाणीकडे पळाला म्हणतात.
अँब्रोजनं पुढच्या तीन ठाण्यांना तार केली, फुकट.
तिन्हीकडून तेच: माहीत नाही.

माझ्या दारावर पाटी आहे. मला वाचता येत नाही,
पण काय लिहिलंय ते मीच सांगितलं होतं:
सहा आठवड्यांत न नेलेले कपडे विकले जातील.
सात थांबले.
मग चाळीस सेंटला जेबेझला दिला,
डब्यांच्या आसांना वंगण घालणारा कॉर्नवॉलचा पोरगा,
बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या त्याला.

त्याच आठवड्यात, संध्याकाळची मालगाडी नुकतीच निघालेली,
धूळ खाली बसायची होती,
आणि रुळांवरून तो सदरा चालत चालला होता, पाठमोरा.
डावा खांदा थोडा उतरलेला.
फ्लॅनेल आपलं माणूस लवकर विसरत नाही.
मी हाक मारली. मोठ्यानं.
दारूच्या दुकानातून चार डोकी वळली.
सदरा वळला नाही.
का वळावा? ते नाव त्याचं नव्हतं.

सोमवारी जेबेझ सदरा घेऊन दारात.
मी बटण उसवलं, सवयीनं दातांत धरलं,
दुपारपर्यंत कोणाशी बोलता आलं नाही,
ते बरंच झालं.

परवा कंपनीची माणसं येऊन गेली.
रूळ पुढे सरकलेत, गावही सरकणार.
फळीफळीवर खडूनं आकडे घातले,
उतरवायचं, वाघिणीत भरायचं,
चाळीस मैलांवर त्याच क्रमानं उभं करायचं.
माझ्या दाराला सत्तावीस नंबर.
मिसेस क्विंबीची समोरची भिंत सगळ्यात आधी जाणार,
जेवणारे तिकडे आधीच पोचलेत.

जेबेझ विचारत होता,
टूहीबाई, मंगळवारी मिळेल ना सदरा?
मिळेल, म्हटलं.
मंगळवारी दार असेल तिथं ये.
सत्तावीस नंबर.