बैठक

झिंदरच्या आमच्या बैठकीत
लाराबा उभीच असते.
अकरा वर्षं झाली, संस्थेची अध्यक्ष ती.
टेबलाच्या डोक्याशी हातांची खुर्ची आहे तिची,
तिच्यावर फायली बसतात.

पाहुण्यांना वाटतं, आपल्याला मान देतेय.
गेल्या साली एकानं अहवालात लिहिलं:
नेतृत्व अत्यंत नम्र.
मी हिशेबनीस. काही बोललो नाही.
साबण, डिझेल, कॅथेटर, प्लॅस्टिकचा तागा,
एवढंच लिहायचा पगार आहे मला.

खरं कारण बाल्किसूला ठाऊक.
लाराबाला पहिल्यांदा टाके पडले
तेव्हा कंदील धरून तीच उभी होती.
आता आमची सचिव आहे
आणि बैठकीत डुलक्या काढते,
कारण रात्रपाळी काही सुटलेली नाही.

चार दिवस अडली होती लाराबा, सोळाव्या वर्षी.
गाढवाची गाडी, मग विहिरीपाशी बंद पडलेला ट्रक,
मूल आत केव्हाच गप्प झालेलं.
घरी आली तेव्हा बायका म्हणाल्या,
चला, हातीपायी सुटली.

सुटली कसली. धार सुटली.
झोपेत, चालताना, बाजरी कांडताना,
सासूच्या नव्या चटईवर.
चटई जाळली.
मग ती जिथून उठेल तिथे
पोरं वाळू टाकायला लागली,
मांजराच्या मागे टाकतात तशी.

त्यानंतर ती बसली नाही.
सात वर्षं जेवली उभ्यानं.
नवऱ्यानं सोडल्याचा निरोपही
कडुनिंबाला टेकून, उभ्यानंच ऐकला.

तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर कोरडी झाली.
या मुलखात आभाळाकडे बघून बघून
लोकांच्या माना अवघडतात,
आणि आमच्या वॉर्डात कुणी म्हणालं, कोरडी!
की खाटाखाटांवरून बायका
जीभ फिरवून किलकारतात.
पण गुडघ्यांना कोण सांगणार?

यंदाच्या बैठकीला नियामेहून
एक गृहस्थ आले, स्वच्छ, सभ्य, घाईत.
पैसे कमी आहेत, म्हणाले.
दोनतीनदा करूनही ज्यांचं गळणं थांबत नाही
त्यांना कुठवर ठेवायचं?
त्यांचा खर्च तुम्ही
कोणत्या रकान्यात दाखवता?

मी वही चाळल्यासारखं केलं.
बाल्किसूची डुलकी मोडली.

तेवढ्यात दारात तसाल्ला.
मागारियाहून पहाटे आणलेली,
लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं,
मागे ओसरीभर थेंबांची रांग.
आत ये म्हटलं तर येईना,
जा म्हटलं तर कुठे जाणार.
उभी. मला ते उभं राहणं
ओळखीचं वाटलं.

लाराबानं फायली उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या
आणि बसली.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
खुर्ची करकरली.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग उठली, वळून बघितलं,
आम्हीही मान वाकडी करून बघितलं:
कोरडी.

ये, ती म्हणाली, गरम केलीय तुझ्यासाठी.

खराब होईल, पोरगी म्हणाली.
पहिलाच शब्द तिचा.

होऊ दे की. लाकूड आहे, पुसता येतं.

तसाल्ला आधी कडेवर टेकली,
घाबरत, चोरासारखी,
मग थोडी मागे सरकली,
मग मागे टेकून डोळे मिटले.
हातांवर हात ठेवले,
अध्यक्ष ठेवतात तसे.

बाल्किसू उठली. मी उठलो.
ते गृहस्थ एकटेच बसलेले,
इकडे तिकडे बघितलं,
बुटांजवळ येणाऱ्या पाण्याकडे बघितलं
आणि तेही उठले.
पाय मात्र उचलले नाहीत,
हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

उरलेला विषय उभ्यानं झाला.
रकमेचं काय ठरलं म्हणाल तर
अर्ध्यावर आली, दिवाळं नाही, दिवाळीही नाही.

संध्याकाळी वहीत नवा रकाना आखला,
नाव काही सुचलं नाही, कोरा ठेवला.
त्याखाली पहिली नोंद:
साबण, अर्धी वडी.
कारण: बैठक.